नावातले सार्वमत

पश्चिम सहारातली संयुक्त राष्ट्रांची मोहीम ‘मिनुर्सो’ या नावाने ओळखली जाते. लांबलचक फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांचा हा शब्द. त्यातला ‘र’ सार्वमताचा. सहरावी लोकांना स्वातंत्र्य हवे की मोरोक्कोत राहायचे, हे त्यांनाच विचारण्यासाठी सुरक्षा परिषदेने 1991 मध्ये ही मोहीम उभी केली. मोहीम आजही तिथे आहे. मतदान एकदाही झालेले नाही.

तयारी झाली नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. स्पेनने 1974 मध्ये केलेली खानेसुमारी पाया धरून एकेक माणूस तपासला गेला. समोर दोन शेख बसत. एक मोरोक्कोच्या बाजूचा, दुसरा सहरावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओच्या. बाप कोण, आजा कोण, टोळी कोणती, तिची शाखा कोणती, अशी विचारपूस होई. वाळवंटात कुणाकडे कागद असणार? जाणत्यांची तोंडी साक्ष हाच पुरावा. अशी काही वर्षे गेली आणि यादी निघाली: 86,386 मतदार. त्यावर लाखाहून जास्त अपिले आली आणि काम तिथेच थांबले.

संयुक्त राष्ट्रांचे दूत जेम्स बेकर यांनी 2003 मध्ये आणखी एक वाट काढली. आधी काही वर्षे स्वायत्तता, मग मतदान. आणि त्या मतदानात मोरोक्कोतून येऊन वसलेल्यांनाही मत. पोलिसारिओने हे मान्य केले. मोरोक्कोने नाकारले. आपलीच माणसे मतदार असतानाही ज्याला कौल नको, त्याला कौलाची खात्री नाही, हे उघड आहे. अमेरिकेने आपल्या मित्रावर दबाव आणला नाही. पुढच्या वर्षी बेकर पायउतार झाले.

गोव्यात 1967 मध्ये जनमत कौल झाला. तो आपल्या मनाविरुद्ध गेला, ती सल महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे राहिली. पण गोवेकरांना विचारले गेले होते, म्हणून आपल्याला गप्प बसावे लागले. सहरावींच्या वाट्याला तो प्रश्नसुद्धा आलेला नाही.

2020 मध्ये ट्रम्प यांनी मोरोक्कोचा हक्क मान्य केला. बदल्यात मोरोक्कोने इस्रायलशी संबंध जोडले. ज्यांची भूमी, ते त्या सौद्यात कुठेच नव्हते. ऑक्टोबर 2025 मध्ये सुरक्षा परिषदेने मोरोक्कोची स्वायत्तता योजना हाच वाटाघाटींचा पाया ठरवला. रशिया आणि चीन यांच्या हाती नकाराधिकार होता. दोघेही तटस्थ राहिले. त्याच ठरावाने मोहिमेची मुदत वाढवली, जुन्याच नावाने.

1974 च्या खानेसुमारीत विशीत असलेला माणूस आज सत्तरीपार आहे. अल्जीरियातल्या तिंदूफच्या निर्वासित छावणीत त्याची नातवंडे जन्मली. यादीत त्याचे नाव अजून आहे.