टिश्यू कल्चरच्या रोपाची पिढी कोण मोजणार?

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला संजीवकांचे धडे देण्याची गरज नाही. घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात कधी बुडवायचा, सोबत सहा-बीए किती घ्यायचे, हे तो बांधावर उभ्या उभ्या सांगतो. मात्रा चुकली तर काय होते, हेही त्याला ठाऊक असते, कारण तो परिणाम त्याच्याच बागेत दिसतो. याच सहा-बीएवर, म्हणजे बेंझिल अ‍ॅडेनाइन या सायटोकायनिन गटातल्या संजीवकावर, शोभेच्या झाडांच्या टिश्यू कल्चरचा बराचसा धंदा चालतो. तिथे मात्र मात्रा ठरवतो प्रयोगशाळेतला माणूस आणि ती चुकली की भरतो शेतकरी.

मूळ शास्त्र तसे साधे आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या खोडातल्या गराचे तुकडे संजीवकांच्या वेगवेगळ्या मिश्रणांवर वाढवून पाहिले. ऑक्झिन हे संजीवक वरचढ असेल तर त्या तुकड्याला मुळे फुटत, सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब येत आणि दोन्ही तोडीस तोड असतील तर पेशींचा नुसताच गोळा वाढत राही. पाच वर्षांनी मुराशिगे आणि स्कूग यांनी बनवलेले ‘एमएस’ माध्यम आजही प्रयोगशाळांमधून रोज ओतले जाते. त्यात सहा-बीए पडते ते बहुधा लिटरला एक-दोन मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख भागांत एक-दोन भाग.

‘हार्मोनवर वाढवलेली झाडे’ म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यावे. ऑक्झिन आणि सायटोकायनिन झाड स्वतःही तयार करते. नारळपाण्यात सायटोकायनिन असते आणि टिश्यू कल्चरच्या सुरुवातीच्या काळात संशोधक माध्यमात सरळ नारळपाणीच घालत. तेव्हा दिवाणखान्यातल्या सिंगोनियममधल्या या संजीवकांमुळे घरातल्यांच्या तब्येतीला काही होईल, ही भीती निराधार आहे. तक्रार करायचीच तर ती हिशेबाबद्दल करावी.

बाटलीतला एक कोंब साधारण महिन्याने काढून, तुकडे करून नव्या माध्यमात लावतात. ही झाली एक पिढी. दर पिढीला एकाचे तीन कोंब झाले, तर आठ पिढ्यांत ६,५६१ रोपे होतात. मात्रा वाढवून एकाचे सहा करता आले, तर त्याच आठ पिढ्यांत आकडा १६ लाख ७९ हजारांवर जातो. मोह कुठे पडतो हे वेगळे सांगायला नको. मात्रा वाढवायची नसेल तर पिढ्या वाढवायच्या: एकदा आणलेला चांगला मातृसाठा आठऐवजी पंधरा, वीस वेळा कापत राहायचा. नवा साठा आणणे, तो तपासणे, पुन्हा निर्जंतुक करून बाटलीत बसवणे यात पैसाही जातो आणि वेळही.

झाड मात्र हे सहन करत नाही. सायटोकायनिन अती झाले की कोंब काचेसारखे दिसू लागतात. ते पारदर्शक असतात, पाण्याने फुगलेले असतात आणि हात लागला की कडकन मोडतात. कार्नेशनमध्ये हा दोष फार दिसतो. बाटलीत ही रोपे तरारलेली वाटतात, पण बाहेर काढली की माना टाकतात, कारण पानांवरच्या रंध्रांना वेळेवर मिटायचे वळणच लागलेले नसते. सायटोकायनिनसारखे वापरले जाणारे थायडायझुरॉन हे मुळात कपाशीची पाने गाळण्यासाठी आलेले रसायन. अत्यल्प मात्रेतही ते भरपूर कोंब काढते, पण अनेकदा ते कोंब खुरटेच राहतात आणि त्यांना मुळे धरताना नाकी नऊ येतात.

हे नुकसान निदान प्रयोगशाळेच्या दारातच कळते. जरबेऱ्याचे तसे नाही. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये सहा हजारांच्या आसपास रोपे बसतात आणि गादीवाफा अडीच-तीन वर्षे ठेवायचा असतो. प्लगमधून आलेले चार-पाच पानांचे रोप पाहून त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. फुले सुरू व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि तेव्हा कुठे उलगडा होतो. एका गड्ड्याला एकच जोमदार शेंडा असायचा, तिथे बारीक-बारीक शेंड्यांचा गुंता झालेला असतो. पाने लहान आणि बेसुमार, दांडे आखूड, फुलाचा आकार कमी. बाजारात जरबेऱ्याचा भाव दांड्याच्या लांबीवर आणि फुलाच्या घेरावर ठरतो. शेतकरी तक्रार करतो, तेव्हा पुरवठादार त्याच्या पाण्याचा सामू काढतो, खतांचे वेळापत्रक काढतो, लाल कोळी काढतो. ती कारणे खरीही असू शकतात. पण रोप कितव्या पिढीचे होते, हे कुठेच लिहिलेले नसल्याने खरे-खोटे करायला शेतकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

गंमत म्हणजे हाच दोष कुंडीत गुण ठरतो. सिंगोनियम किंवा नेचे बाटलीतून आले की सायटोकायनिनच्या उरलेल्या प्रभावाने बुडातून भरपूर फुटतात. कुंडी गच्च भरते आणि गिऱ्हाईक खूश होते. हा प्रभाव बहुधा काही महिन्यांत ओसरतो. जनुकीय पातळीवर झालेला बदल मात्र टिकतो. १९८१ मध्ये लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अशा बदलांना ‘सोमाक्लोनल’ हे नाव दिले. त्यातूनही सोने निघाले आहे: सिंगोनियम आणि डिफेनबेकियाच्या काही देखण्या जाती प्रयोगशाळेतल्या अशाच वेगळ्या निघालेल्या रोपांमधून निवडलेल्या आहेत. मात्र तिथे ते रोप वेचून, पारखून, नवे नाव देऊन विकले गेले. जुन्या नावाखाली खपवले असते, तर ती फसवणूकच झाली असती.

फसवणुकीचे सर्वांत रंगीत उदाहरण म्हणजे ‘पिंक काँगो’ फिलोडेंड्रॉन. काही वर्षांपूर्वी गुलाबी पानांच्या या झाडाला समाजमाध्यमांवर अवाच्या सवा किंमत आली. घरी नेल्यावर काही महिन्यांत नवी पाने हिरवी येऊ लागली. तो गुलाबी रंग जातीचा नव्हताच. इथिलीनची प्रक्रिया करून तो तात्पुरता आणला होता, असे सांगितले जाते आणि इथिलीन हेही एक संजीवकच. पीस लिलीची गोष्ट त्याहून सौम्य आहे. विक्रीच्या वेळी सगळ्या कुंड्या एकदम फुलाव्यात म्हणून उत्पादक जिबरेलिक आम्ल फवारतात. पुढे घरात वर्षभर फूल आले नाही, की घरची मंडळी स्वतःच्या हाताला दोष देतात.

संजीवकांच्या ताकदीबद्दल शंका असणाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम आठवावे. बांबूच्या अनेक जाती फुलायला कित्येक दशके लावतात. तो बांबू रजनी नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी सायटोकायनिन आणि नारळपाण्याच्या साहाय्याने काचेच्या नळीत फुलवून दाखवला. १९९० मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आले. दशकांचे काम महिन्यांवर आणणारी वस्तू बेहिशेबी वापरली जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

हिशेबाची व्यवस्था देशात नाही असे नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन योजना आणली. तिच्यात प्रयोगशाळेला मान्यता मिळते आणि रोपांची विषाणू व जनुकीय शुद्धता यांसाठी तपासणी होते. केळीच्या रोपांबाबत आठ पिढ्यांपुढे जाऊ नये असा संकेत रूढ आहे. पण व्यवहारात या योजनेचे नाव निघते ते केळी, बटाटा, ऊस यांच्या संदर्भात. फुलझाडे आणि कुंडीतली झाडे म्हणजे हौसेचा मामला, अशी समजूत यामागे असावी. ती चुकीची आहे. मावळातल्या पॉलिहाऊसवर बँकेचे कर्ज असते, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या रोपवाटिकांवर शेकडो घरे चालतात. तिथे हौस गिऱ्हाइकाची असते, पोट मात्र शेतकऱ्याचे असते.

प्रयोगशाळांनी माध्यमाची कृती जाहीर करावी, असे कोणी म्हणत नाही. ते त्यांचे धंद्याचे गुपित आहे. पण मातृसाठा केव्हाचा, रोप कितव्या पिढीचे आणि जनुकीय तपासणी झाली की नाही, या तीन ओळी प्रत्येक ट्रेच्या बिलावर छापायला फारसा खर्च येत नाही. कृषी खात्याने पॉलिहाऊसच्या अनुदानासाठी हीच अट घातली, तर नवा कायदा करण्याचीही गरज पडणार नाही. तोवर जरबेरा, अँथुरियम किंवा कार्नेशनची आगाऊ रक्कम भरणाऱ्या शेतकऱ्याने या तीन गोष्टी लेखी मागाव्यात आणि जो पुरवठादार त्या द्यायला तयार नसेल, त्याची ऑर्डर सरळ रद्द करावी.