एका रेघेची आजी

गेल्या दिवाळीत आमच्या घरून एका वडीलधाऱ्या बाईंचा मोठाच घोटाळा झाला. अपराधी आमची धाकटी कन्या, आणि अपराधाचे कारण एक एवढीशी रेघ!

मे महिन्यात मडगावला आम्ही ज्यांच्या घरी उतरतो, त्या आजींची शाळा पोर्तुगीज अमदानीतली, म्हणजे १९६१ पूर्वीची. कन्येने त्यांच्याकडून चार पोर्तुगीज शब्द उचललेले. फराळाच्या डब्याबरोबर तिने हौसेने स्वतः रंगवलेले कार्ड पाठवले. वर पोर्तुगीजमध्ये 'आजी' असे लिहिले, निदान तिच्या समजुतीप्रमाणे!

आठ दिवसांनी आजींचा फोन आला. "बाय, चकली छान झाली हो. पण कार्ड माझे नव्हे, आमच्या ह्यांच्या नावाने आले. ह्यांना जाऊन बारा वर्षे झाली."

झाले होते असे. पोर्तुगीजमध्ये आजी आणि आजोबा यांचे स्पेलिंग एकच: ए, व्ही, ओ. शेवटच्या 'ओ'वर उजवीकडे चढणारी तिरपी रेघ दिली, की 'अव्हॉ', म्हणजे आजी. त्याच 'ओ'ला टोपी घातली, की 'अव्हो', म्हणजे आजोबा. कन्येने टोपी घातली होती!

मग मीही आजींकडून धडा घेतला. ही रेघ दोन कामे करते. शब्दात जोर कोठे द्यायचा ते दाखवते, आणि आ, ए, ओ हे स्वर तोंड मोकळे उघडून म्हणायला सांगते. मात्र ती जिकडे तिकडे नसते. या तीन स्वरांत संपणाऱ्या शब्दांत जोर सहसा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. पुढे 'एस' आला तरी तेच. बोलणे हा रिवाज मोडते, तेथे खूण हवी. आपला अननस त्यांच्याकडूनच आला. पण ते जोर देतात शेवटी, म्हणून तेथल्या 'आ'वर रेघ.

आणखी गंमत पाहा. एकाच स्पेलिंगच्या शब्दात पहिल्या 'आ'वर रेघ दिली, तर शहाणी बाई. शेवटच्या 'आ'वर दिली, तर ब्राझीलचा राष्ट्रीय पक्षी. आणि कोठेच दिली नाही, तर 'ठाऊक होते'!

शुद्धलेखनाची भांडणे तिकडेही आहेतच. आपण १९६२ च्या नियमांनी 'नाहीं'वरचे टिंब काढले. त्यांनी १९९० च्या करारात 'थांबतो' या अर्थाच्या 'पारा'वरची रेघ काढली. आता तो शब्द आणि 'साठी' या अर्थाचा शब्द लिहिताना सारखेच दिसतात. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखावे. आजीच्या डोक्यावरच्या रेघेला मात्र कोणी हात लावला नाही.

चुकीबद्दल मी क्षमा मागितली, तेव्हा आजी म्हणाल्या, "क्षमा कसली? कार्ड ह्यांच्या फोटोपाशी ठेवले आहे. बारा वर्षांत ह्यांना पहिलेच पत्र आले!"

यंदा आमच्याकडून दोन कार्डे निघाली आहेत. एकावर रेघ, एकावर टोपी. कन्येने दोनदा तपासली, मी तिसऱ्यांदा.