पबमेड 'चालू आहे' म्हणून झोपू नका!

संशोधक, प्राध्यापक आणि ग्रंथपाल बंधू-भगिनींनो,

पबमेड या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधनसूचीला पर्यायी सूचींची तयारी ठेवा, असे निवेदन आमच्या ग्रंथपाल मंडळाने महाविद्यालयांना दिले. एका महाविद्यालयाने ते शेरा मारून परत पाठवले : 'पबमेड चालू आहे. कार्यवाहीची आवश्यकता नाही.' म्हणून हे जाहीर आवाहन.

चालू आहे, पण कुणाच्या मर्जीवर? ३१ जानेवारी २०२५ला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या संकेतस्थळावरची आरोग्यविषयक पाने गायब झाली; ती परत आणायला न्यायालयाला आदेश द्यावा लागला. मार्चच्या सुरुवातीला पबमेड काही तास बंद पडले. त्याच वर्षी २० लाखांवर नोंदी असलेल्या 'एरिक' या अमेरिकी शिक्षणसूचीच्या निधीला कात्री लागली.

आणि आपले काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था. गडचिरोलीतल्या बाळाचे वजन घेतले आपल्या माणसांनी, प्रश्नांची उत्तरे दिली आपल्या आयाबहिणींनी. पण कच्ची आकडेवारी उतरवून घ्यायला बहुतेक संशोधक जायचे अमेरिकी निधीवर चालणाऱ्या डीएचएस या आरोग्य सर्वेक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर. फेब्रुवारी २०२५मध्ये तो निधी तुटला आणि आकडेवारीसाठीचे नवे अर्ज अडकले. माहिती आपल्याच घरची, आणि ताटकळत उभे आपणच! याची लाज वाटायला हवी.

'गुगल आहे की' म्हणणाऱ्यांना एवढेच : गुगल शोधून देते, सांभाळून ठेवत नाही. 'सरकार बघेल' म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही.

आजपासून हे करा :

१. पबमेडबरोबर युरोप पीएमसी आणि ओपनॲलेक्स या मुक्त सूचींवरही शोधा. युरोप पीएमसीत पबमेडच्याच नोंदी भरपूर आहेत, म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

२. शोधसूत्र, तारीख आणि डीओआय या लेख-ओळखक्रमांकासह निकाल स्वतःकडे उतरवून ठेवा.

३. रीतसर मिळवलेली आकडेवारी विभागात जपा; अटी मोडून वाटू नका.

४. शिक्षणशास्त्रासाठी एरिकबरोबर शोधगंगा हा भारतीय प्रबंधसंग्रह आणि डीओएजे ही मुक्त नियतकालिकांची सूची वापरा. प्रबंध कपाटात कुजवू नका.

५. 'जीवन शिक्षण', 'शिक्षण संक्रमण' या मराठी शिक्षणविषयक मासिकांच्या जुन्या अंकांची सूची करा. त्याला वॉशिंग्टनची परवानगी कधीच लागत नव्हती. आपण केली नाही, एवढेच.

आमचे सभासद सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून हे शिकवायला येतात. मानधन नको, एक खोली, चार संगणक आणि प्राचार्यांची सही द्या. विभागप्रमुखांनो, याच महिन्याच्या बैठकीत विषय घ्या. विद्यार्थ्यांनो, मार्गदर्शक टाळाटाळ करत असतील तर थेट ग्रंथालय गाठा. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री धावत येऊ नका, आत्ताच या!