पोखरलेले हाड

अंबड तालुक्यातून एक भगिनी विचारतात : मुलाने गोदाकाठच्या दरडीतून दगडासारखे जड हाड आणले आहे. त्याला बारीक भोके आहेत. सासूबाई म्हणतात, किडके हाड घरात नको. टाकून देऊ का?

छे, टाकू नका! वरच्या अंगाला मुंगी-पैठणजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात अशी हाडे १८६०च्या दशकातच सापडली होती. किडीचे म्हणाल, तर ती केव्हाच मेली; धान्याला धोका नाही.

ट्रंकेतली लोकरी शाल खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे भाऊबंद वाळलेले मांस-कातडे खातात. कोषासाठी त्यांच्या अळ्या हाड पोखरतात. तशी भोके असली, तर समजावे : जनावर मेल्यावर सांगाडा बरेच दिवस उघड्यावर, कोरड्यात पडून होता. पुराने लगेच गाळात पुरला असता, तर भोके पडली नसती. वाळवीही हाड कुरतडते. कोणती खूण कोणाची, हे मात्र जाणकारच ओळखतील.

म्हणून हाड चिंचेने घासू नका, धुऊही नका. कागदात गुंडाळा, कुठे, किती खोल सापडले याची चिठ्ठी ठेवा आणि भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. सासूबाईंनाही सांगा, हे हाड म्हणजे गोदामाईची जुनी वही आहे!