प्रशिक्षण बादलीपाशी द्या

जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचा असतो. तारीख जवळ आली की रुग्णालयांना प्रशिक्षण आठवतं. सभागृह, स्लाइडा, समोसा, हजेरीचा कागद, फोटो. इन्चार्ज सिस्टर म्हणून अशा कागदांवर मी भरपूर सह्या केल्यात. त्याने वॉर्डातल्या बादल्यांत काडीचा फरक पडत नाही.

२०१६च्या नियमांत खोट नाही. कामावर रुजू होताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण, शिवाय हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, सगळं लिहिलेलं आहे. पण सभागृहात बसतो कोण? आम्ही नर्सेस. पिशव्या बांधणाऱ्या मावशी ठेकेदाराच्या. त्या तेव्हा जिने पुसत असतात. ठेकेदार बदलला की मावशीही बदलतात. मोठे डॉक्टर तर फोटोपुरतेच.

सलाइन संपल्यावर काय होतं बघा. बाटलीत हवा जावी म्हणून वरून एक सुई खुपसलेली असते. बाटली आणि नळी लाल पिशवीत, सुई मात्र न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, हा नियम. घाईत बाटली सुईसकट लाल पिशवीत जाते. मावशी पिशवी दाबून गाठ मारतात आणि सुई तळहातात! ती सुई रक्ताची नव्हती, हे त्यांना कसं कळावं? आणि दुसऱ्या दिवशीची रक्ताची असली तर? हात न पिळता साबण-पाण्याने धुवायचा, लगेच कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्ही टाळणारी औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मावशी हळद लावतात आणि गप्प बसतात. सांगितलं तर काम जाईल, ही भीती.

म्हणून शिकवायचं ते वॉर्डात, बादलीपाशी, ड्युटी बदलताना दहा मिनिटं. नाइटवाल्यांनाही. न वापरलेला सलाइन सेट मावशींच्या हातात द्या, सुई काढायला लावा, मग सही घ्या. लस टोचल्याशिवाय ठेकेदाराचं माणूस वॉर्डात घेऊ नका. ठेक्याच्या अटींतच तसं लिहा. राउंडला आलेल्या सरांनाही तिथेच थांबवा. काढलेले ग्लोव्हज समोर दिसेल त्या बादलीत टाकायची त्यांची सवय जुनी आहे. ते लाल पिशवीत टाका, असं एखाद्या मावशींनी सांगितलं तर सरांनी ऐकावं.