हात बांधून वाणी येत नाही

मूल बोलायला उशीर करतंय असं दिसलं की घरोघरी एकच सल्ला मिळतो: ‘त्याला हातवारे करू देऊ नका, बोलायचा आळस करेल.’ सल्ला देणारा निघून जातो, सोसावं मात्र त्या मुलाला लागतं. म्हणून हे काही मुद्दे.

१. खुणा आपल्या घरांना नव्या आहेत का? बाप्पाला ‘जय जय’ करणारं, वाटी रिकामी झाली की तळवे फिरवून ‘संपलं’ सांगणारं बाळ प्रत्येकाने पाहिलं आहे. जिभेआधी हात वळतात. एका बाळाच्या ज्या खुणेचं कौतुक होतं, तिच्यावरून दुसऱ्याला दटावणं हा अन्याय आहे.

२. डाउन सिंड्रोम असलेल्या पुष्कळ मुलांची समज त्यांच्या बोलण्याच्या बरीच पुढे असते. कळतं सगळं, सांगता येत नाही. मग आदळआपट होते आणि मूल ‘हट्टी’ ठरतं. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी विकसित केलेल्या मकाटॉन पद्धतीत तोंडाने शब्द उच्चारतानाच हाताने खूण करतात. शब्द येऊ लागले की अनेक मुलं खुणा आपणहून सोडतात. खुणेमुळे बोलणं खुंटतं, ही भीती निराधार आहे.

३. ऐकू येणाऱ्या बाळांच्या पालकांनीही फसू नये. खुणा शिकवल्याने बाळ लवकर बोलतं, त्याची बुद्धी वाढते, या दाव्यांना संशोधनाचा भक्कम आधार नाही. पण बाळाला पाणी हवंय की झोप, हे रडण्याआधी कळणं काय कमी आहे? त्यासाठी महागड्या वर्गाची गरज नाही. घरातल्या माणसांनी वेळ द्यावा.

४. कर्णबधिर मुलाचं चार खुणांवर भागत नाही, त्याला पूर्ण भाषा हवी. १८८० साली मिलानला भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेने शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. तो करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. श्रवणयंत्र वा कॉक्लिअर इम्प्लांट जरूर करावं, पण त्याचा परिणाम दिसेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नये. भाषा रुजण्याची पहिली वर्षं कोणासाठी थांबत नाहीत.

५. साधनं नाहीत, ही सबब आता चालणार नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची तरतूद करायला सांगतो. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१मध्येच १०,००० शब्दांवर गेला. पण आपल्या अंगणवाडीतल्या ताईंना ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’ एवढ्या खुणा तरी कोणी शिकवल्या का? कायदा दिल्लीत आणि मूल गल्लीत, या अंतराला सरकार जबाबदार आहे.

६. सरकारइतकेच आपणही. एकट्या आईने खुणा शिकून काय होणार? आजोबांना, शेजारच्या मुलांना, वर्गातल्या सवंगड्यांना त्या कळल्या नाहीत, तर मुलाचं जग आईपुरतंच उरतं. पुढच्या पालकसभेत हा विषय आपणच काढायला हवा, आपलं मूल उत्तम बोलत असलं तरीही. बोलू न शकणाऱ्याला समजून घ्यायचं काम बोलू शकणाऱ्यांचंच आहे.