कारण गाळू नका, सही झाकू नका

चौतीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बांधाच्या भांडणातली एक साक्ष टाइप करताना मी लिहिलं, ‘घटनेच्या वेळी मी बांधावर होतो हे मी कबूल करतो.’ न्यायाधीशसाहेबांनी कागद परत दिला. म्हणाले, “कबूल कुठं केलं त्यानं? ‘मी बांधावर होतो’ एवढंच म्हणाला. कबुली काढायची ती वकिलांनी काढावी. तुम्ही तो म्हणाला तेवढं लिहा.” त्या दिवसापासून ‘कबूल’ हा शब्द टाइप करताना माझा हात अडखळतो.

निवृत्त झाल्यावर नातवानं मराठी विकिपीडियावर खातं उघडून दिलं. २००३ पासून चालू असलेला, कुणीही लिहावा असा हा कोश. सुरुवात मी गावाजवळच्या देवराईनं केली, कारण झाडांच्या बाजूनं भांडायला कार्यकर्ते येत नाहीत. पुढं धीर आला आणि पुढाऱ्यांच्या नोंदींना हात घातला.

आमच्या भागातल्या एका आमदारांनी विरोधी बाकांवर असताना एमआयडीसीच्या भूसंपादनाला विरोध केला होता. सत्तेत गेल्यावर ते त्याच भूसंपादनाच्या बाजूनं बोलले. दोन्ही भाषणांची कात्रणं माझ्याकडं होती. मी दोन वाक्यं लिहिली आणि दोन्हींना तारखा दिल्या. आठ दिवसांत एक कार्यकर्ता घरी हजर. “भाऊसाहेब, साहेबांची भूमिका आता विकासाची आहे. ते जुनं कशाला ठेवता?” मी म्हटलं, “जुनं काढलं तर साहेबांनी भूमिका बदलली हे वाचणाऱ्याला कळणार कसं?” तो प्रामाणिक होता. म्हणाला, “तेच तर कळायला नको.”

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूच्या कुणीतरी माझ्या दुसऱ्या वाक्यात ‘सोयीस्कर कोलांटउडी मारली’ असं घुसवलं. मी तेही काढलं, तेव्हा मी साहेबांचा माणूस ठरलो.

दोन्ही बाजू चिडल्या म्हणजे आपण बरोबर, असं पत्रकारांमध्ये म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. चुकीचं लिहिलं तरी दोन्ही बाजू चिडतातच. म्हणून मी कात्रणं पुन्हा काढून बसलो. दुसऱ्या भाषणात आमदारांनी कारण दिलं होतं: बागायती जमीन वगळली आहे आणि मोबदला वाढला आहे, म्हणून आता माझा विरोध नाही. ते कारण खरं की सोयीचं, हे ठरवणारा मी कोण? पण मी ते लिहिलंच नव्हतं. माझी दोन्ही वाक्यं खरी, तारखा बिनचूक आणि तरीही माणूस उगाच फिरला असं वाटायला लावणारी. कार्यकर्त्याला जुनी भूमिका नको होती, मी नव्या भूमिकेचं कारण गाळलं होतं. फरक एवढाच की त्याला आपण काय करतोय ते माहीत होतं.

त्या चुकीची शिक्षा म्हणून मी स्वतःला एक अवघड गृहपाठ दिला: लोकमान्य टिळकांची सामाजिक सुधारणांबाबतची भूमिका एका पानात लिहायची. ज्यांच्याबद्दल महाराष्ट्रात प्रत्येकाचं मत तयार असतं, अशा पुढाऱ्यावर हात तपासून बघावा म्हणून.

पहिला विषय १८९१ चा संमतिवयाचा कायदा. शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याचं वय त्यानं दहावरून बारावर नेलं. माझं पहिलं वाक्य होतं, ‘टिळकांनी या कायद्याला विरोध केला.’ खरं आहे. पण एवढंच वाचणाऱ्याला वाटेल की त्यांना बालविवाह हवे होते. दुसरा खर्डा टिळकभक्ताच्या लेखणीनं केला: ‘परकीय सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजानं आपल्या हातानं करावी, अशी टिळकांची भूमिका होती.’ हेही खरं. पण यात ती मुलगीच गायब झाली. कलकत्त्यात फुलमणी नावाची जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती आणि त्या प्रकरणानं कायद्याची मागणी पेटली होती, हे त्या वाक्यातून कुणाला कळणार?

तिसऱ्या खर्ड्यात मी दोन्ही ठेवलं आणि आणखी एक गोष्ट घातली. १८९० मध्ये टिळकांनी सुधारकांपुढं उलट प्रस्ताव मांडला होता: मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, चाळिशी उलटलेल्यानं लग्न करायचंच तर विधवेशी करावं, हुंडा नको, विधवेचं केशवपन नको. मात्र हे सगळं कायद्यानं लादायचं नव्हतं. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी स्वतःवर बंधन म्हणून घ्यायचं होतं. प्रस्तावातली वयं कायद्यातल्या वयापेक्षा मोठी आहेत, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्याचबरोबर हेही दिसलं पाहिजे की स्वखुशीच्या बंधनानं, ज्या घरात ते कुणी घेणारच नाही तिथल्या दहा वर्षांच्या मुलीला काहीच संरक्षण मिळत नव्हतं. ‘सुधारका’तले आगरकर कायद्याच्या बाजूनं होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तर हा कायदा धर्मशास्त्राच्या आड येत नाही हे शास्त्राच्याच आधारानं मांडलं. ही नावं आली की वाद इंग्रज विरुद्ध हिंदू असा राहत नाही. तो पुण्यातल्याच शहाण्या माणसांमधला वाद होता हे स्पष्ट होतं.

दुसरा विषय अस्पृश्यतेचा. मार्च १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकारानं अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. अध्यक्ष होते बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. तिथं टिळक बोलले, आणि बोलणं सणसणीत होतं: देव जर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, असा त्याचा आशय. पाठ्यपुस्तकांना हे वाक्य फार आवडतं. त्याच परिषदेत, आपण रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा प्रतिज्ञापत्रावर पुढाऱ्यांच्या सह्या मागितल्या गेल्या. टिळकांनी सही केली नाही. का केली नाही, याची निरनिराळी कारणं सांगितली गेली आहेत; ती सांगणाऱ्याच्या नावासकट द्यावीत. पण नुसतं भाषण देऊन सही झाकणारी नोंद आणि नुसती सही न केल्याचं सांगून भाषण झाकणारी नोंद, दोन्ही एकाच लायकीच्या.

या गृहपाठातून मी स्वतःसाठी एक नियम काढला. कारण गाळलं की माणसावर अन्याय होतो. सही झाकली की त्याच्यावर मेहेरबानी होते. पुढाऱ्याची भूमिका लिहायची म्हणजे तो काय म्हणाला, कधी, कुणापुढं, कोणत्या कारणानं, आणि मत द्यायची किंवा सही करायची वेळ आली तेव्हा त्यानं काय केलं, हे सगळं लिहायचं. विशेषण वाचणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं लावावं.

मराठीत खरा धोका विशेषणांपेक्षा क्रियापदांत आहे. विशेषण डोळ्यांवर येतं, क्रियापद गुपचूप काम करतं. आपल्या आवडीचा पुढारी ‘स्पष्ट करतो’, ‘ठणकावतो’, ‘लक्ष वेधतो’. नावडता ‘दावा करतो’, ‘सारवासारव करतो’, ‘बरळतो’. एकच वाक्य दोघांच्या तोंडी घालून बघा. म्हणूनच कोशात ‘म्हणाले’ हे गरीब क्रियापद सगळ्यात इमानदार. तीच गत शिक्क्यांची. ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ हे शब्द आपण इतके सहज वापरतो की ते एका भांडणातून जन्मले हे विसरतो. ‘मवाळ’ म्हणवून घेण्यात गोखल्यांना काय आनंद वाटला असेल?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. सगळं ‘म्हणाले, म्हणाले’ असंच लिहीत गेलो तर खोटं बोलणारा आणि खरं बोलणारा एका पंगतीत बसतील. बसू देऊ नयेत. पुढारी म्हणाला की धरणात पाणी नव्हतं आणि पाटबंधारे खात्याची नोंद सांगते की होतं, तर दोन्ही वाक्यं शेजारी ठेवावीत. ‘काहींच्या मते पाणी होतं’ असलं बुळबुळीत वाक्य लिहू नये. निःपक्षपणा म्हणजे वजनाच्या काट्यावर दोन्ही पारडी ओढूनताणून सारखी करणं नव्हे. काटा बिघडलेला नाही एवढीच हमी.

दुसरा आक्षेप जागेचा. कोशाची नोंद छोटी, एवढं मावणार कुठं? माझा अनुभव असा की ‘लढवय्ये, अभ्यासू, लोकाभिमुख, कणखर नेतृत्व’ एवढं काढलं की एक तारीख, एक ठिकाण आणि एक कारण सहज मावतं.

हे काम कोरड्या माणसांनीच करावं असंही नाही. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आधी गांधींच्या चळवळीत होते, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासोबत गेले. मतं नसलेला माणूस कोश कशाला रचेल? मतं घराच्या खुंटीला टांगून टेबलाशी बसता आलं पाहिजे, एवढंच. मला ते दर वेळी जमतं असं नाही. आमदारांच्या नोंदीत मी ते कारण नंतर घातलं, तेव्हा माझाच हात कुरकुरत होता.

कोर्टात साक्ष संपली की शेवटी एक ओळ यायची: ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ तिच्याखाली साक्षीदाराची सही किंवा अंगठा. उलटतपासणीत ज्याची दाणादाण उडाली असेल, तोही बहुतेक वेळा सही करायचा. त्याला गैरसोयीचं असलेलंही त्यात असायचं, पण ते त्याचंच बोलणं असायचं. पुढाऱ्याची नोंद लिहून झाली की मी हल्ली ती मनातल्या मनात आधी त्याला आणि मग त्याच्या कट्टर विरोधकाला वाचून दाखवतो. पहिल्यानं म्हणावं, ‘हो, मी हेच म्हणालो होतो, आणि याच कारणानं.’ दुसऱ्यानं म्हणावं, ‘सहीचंही लिहिलंय, बरं झालं.’ दोघांचे अंगठे उमटतील असं वाटलं, तरच मी ‘जतन करा’ दाबतो. टिळकांचं ते पान अजून माझ्या वहीतच आहे.